सॅमनची फिकट हृदयं

सॅमन आजारी पडला तरी सुरुवातीला त्याच्याकडे बघून काही कळत नाही. अंग तसंच चकचकीत, डोळे स्वच्छ, खवले जागच्या जागी. फक्त त्याचं खाणं कमी होतं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ज्या फिश फार्मवर मी काम करत होते, तिथल्या मॅनेजरनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आणि त्या उन्हाळ्यात, जुलै संपता संपता, त्यांचाच फोन आला.

"एका पिंजऱ्यातलं फीड खाली आलंय," ते म्हणाले. "हवा बदलल्यामुळे असेल. पण तू येऊन जा."

हवा बदलली नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं.

मी मूळची नागपूरची. व्हेटर्नरीची पदवी तिथलीच. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यात वाढलेलं ते शिक्षण. माशांवर अभ्यासक्रमात एक धडा होता, पण तो परीक्षेत कधी विचारत नसत, म्हणून कोणी वाचत नसे. लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी लंडनला आले. स्टॅनमोरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक हिवाळा खिडकीतून बाहेर बघत काढला. इथे प्राण्यांची डॉक्टर म्हणून काम करायचं तर सगळ्या परीक्षा नव्याने द्यायला हव्या होत्या. तेवढा धीर नव्हता. मग माशांच्या रोगांवरचा एक मास्टर्स कोर्स सापडला, तोही पार स्कॉटलंडमध्ये. नवरा म्हणाला, "वर्षभराचाच प्रश्न आहे, कर." वर्ष संपलं आणि नोकरीही तिकडेच लागली. पदाचं नाव होतं फिश हेल्थ बायोलॉजिस्ट. नागपूरला आईने शेजारणीला सांगितलं की मुलगी माशांची डॉक्टर झाली, आणि शेजारीण खूप हसली म्हणे.

तर नवरा स्टॅनमोरला आणि मी वर, समुद्राकाठच्या एका खेड्यात. महिन्यातून एकदा कोणीतरी एकाने ट्रेनमध्ये बसायचं.

डोंगरांच्या मधून समुद्राचा एक लांब हात आत शिरला होता. तिकडे त्याला लॉख म्हणतात. त्या पाण्यावर मोठमोठी गोल जाळी तरंगायची. एकेक जाळं म्हणजे एकेक पिंजरा, आणि त्यात मासेच मासे. किनाऱ्यावर एक शेड, ऑफिस म्हणून एक पोर्टाकॅबिन, दोन बोटी. गावातली निम्मी घरं याच फार्मवर चालत. मॅनेजर पन्नाशी उलटलेले होते. विशीत कामाला लागले ते याच पाण्यावर. इंग्रजीत सगळ्यांनाच 'यू', पण मनातल्या मनात मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचे. त्यांची बायको गावातल्या छोट्या प्रायमरी शाळेच्या किचनमध्ये काम करायची. शाळेत मुलं थोडीच, आणि बहुतेक फार्मवरच्याच लोकांची. मी एकटी राहते हे कळल्यापासून ती मॅनेजरच्या डब्यात माझ्यासाठी काही ना काही जास्तीचं भरून पाठवायची. मी मांस खात नाही असा तिचा कुठून तरी समज झाला होता, त्यामुळे ते नेहमी चीजचंच असायचं. मी तो समज कधी दूर केला नाही.

त्या दिवशी आम्ही बोटीने पिंजऱ्यापाशी गेलो. पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं चित्र बोटीतल्या स्क्रीनवर येत होतं. निरोगी सॅमन सगळे मिळून एकाच दिशेने गोल गोल फिरत असतात, न थांबता. हेही फिरत होते, पण कडेला काही मासे वेगळे पडले होते. प्रवाहाकडे तोंड करून, जाळ्याच्या अगदी जवळ, जागच्या जागी. दमलेला माणूस बसस्टॉपच्या खांबाला टेकून उभा राहतो तसे.

"हे बघ," मॅनेजर म्हणाले. "हे मला आवडत नाही."

त्यातले काही आम्ही हातजाळ्याने वर घेतले. गुंगीच्या औषधाच्या टबात सोडले. शांत झाल्यावर मी एकेक मारून उघडला. सॅमनचं हृदय गळ्यापाशी, कल्ल्यांच्या मागे असतं. लहानसं, टोकदार, गडद लाल. इतकं नीटनेटकं की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता हातात आलेलं हृदय गोलसर होतं, सैल होतं, आणि रंग उकडलेल्या चिकनसारखा. दुसऱ्या माशाचंही तेच. तिसऱ्याच्या पोटात पाणी झालेलं. मॅनेजर माझ्या खांद्यावरून बघत होते.

सॅमनच्या कुशीला, कातडीखाली, डोक्यापासून शेपटीपर्यंत एक तपकिरी-लाल पट्टा असतो. दिवसभर सावकाश पोहत राहायचं काम त्या स्नायूचं. दुकानात मिळतो तो गुलाबी भाग वेगळा, तो झेप घेण्यासाठी. मी हृदयाचे आणि त्या लाल पट्ट्याचे तुकडे कापून बाटल्यांत घातले आणि लॅबला पाठवले. काय येणार ते मला साधारण माहीत होतं. पण माहीत असणं आणि कागदावर येणं यांच्यामध्ये काही दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत माणूस हवा बदलल्याचं कारण स्वतःलाही सांगू शकतो.

रिपोर्ट आला तेव्हा मी पोर्टाकॅबिनमध्ये होते. लॅबने स्लाइड्सचे फोटोही पाठवले होते. हृदयाचा स्नायू निरोगी असला की मायक्रोस्कोपखाली त्याचे धागे एकमेकांना लागून, विणल्यासारखे दिसतात. इथे धाग्यांमध्ये सूज, पेशींची गर्दी, जागोजागी धागे विरघळलेले. लाल पट्ट्यातही तेच. विषाणूमुळे हृदयाचा आणि स्नायूंचा दाह. मॅनेजर चहाचा मग घेऊन आत आले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून उभेच राहिले.

"सांग."

मी सांगितलं.

"औषध?"

"नाही."

"व्हॅक्सिन?"

"यावर नाही."

"मग करायचं काय?"

"त्रास द्यायचा नाही," मी म्हटलं. "खाद्य कमी करा. ऑक्सिजनवर लक्ष ठेवा. जाळ्यात गर्दी नको, हात लावणं नको, पंपातून इकडून तिकडे नेणं तर अजिबात नको. हृदय कमजोर आहे. पळावं लागलं तर मरतील. विश्रांती मिळाली तर बरेचसे कदाचित आपोआप सावरतील."

"विश्रांती," ते म्हणाले. मग चहा तसाच टेबलावर ठेवून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. पण खिडकीतून पाहिलं तर ते धक्क्यावर सगळ्या माणसांना जमवून समजावत होते. बोट पिंजऱ्याजवळून हळू न्यायची, उगाच आवाज करायचा नाही. हात खाली दाबून दाखवत होते, घरात तान्हं मूल झोपलं असताना दाखवतात तसं.

ऑगस्टभर आम्ही तेच केलं, म्हणजे काहीच केलं नाही. रोज सकाळी मेलेले मासे तळातून ओढून घ्यायचे, मी त्यातले काही उघडून बघायचे. आधी आकडा चढला, मग थांबला, मग थोडा उतरलाही. शेजारच्या पिंजऱ्यांत आजार पसरला होता, पण सौम्य वाटत होता. एका सकाळी मॅनेजर शीळ घालत आले. फीडचा आलेख वर सरकला होता. त्या शनिवारी मी ट्रेनने स्टॅनमोरला गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "वाचतील बहुतेक."

तो भात लावत होता. कुकरचं झाकण हातात धरून म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. शेवटी तुम्ही ते मारणारच असता ना?"

"हो."

"मग वाचतील म्हणजे?"

मी म्हटलं, "झाकण लाव, पाणी आटेल."

सप्टेंबर विलक्षण उबदार निघाला. समुद्राचं पाणी निवायला तयार नव्हतं, आणि उबदार पाण्यात उवा वाढतात. सॅमनच्या अंगाला चिकटून त्याची कातडी खाणारा तो एक बारीक जीव, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. दर आठवड्याला काही मासे काढून त्यांच्या अंगावरच्या उवा मोजाव्या लागतात. एका मर्यादेपुढे गेल्या की उपाय करावाच लागतो, कारण त्या बाहेरच्या जंगली माशांनाही लागतात. आमच्याकडे त्या मर्यादेच्या जवळ पोचल्या. मग पुढे गेल्या.

हेड ऑफिसमधल्या माझ्या बॉसने व्हिडिओ कॉल लावला. ती स्वतः माशांची डॉक्टर होती, वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठी. तिला खलनायिका करून टाकलं असतं तर ही हकीकत सोपी झाली असती, पण ती तशी नव्हती. मॅनेजर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"ट्रीटमेंट करावी लागेल," ती म्हणाली.

"त्यांची हृदयं सहन करणार नाहीत," मी म्हटलं. "ट्रीटमेंट म्हणजे जाळं वर ओढून त्यांना एकत्र दाटायचं, मग पाइपने खेचायचं. निरोगी मासेसुद्धा घाबरून धडपडतात."

"मला मान्य आहे. किती दिवस थांबू?"

"निदान महिनाभर."

"महिनाभरात उवा त्यांना जिवंत खातील. अंगावर जखमा होतील. आणि मग ट्रीटमेंट करायची वेळ येईल तेव्हा ते आजच्यापेक्षा कमजोर असतील. बरोबर?"

"बरोबर."

"मग तू सांग, कधी करू?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. खरोखरच उत्तराची वाट बघत होते. मला वाटतं तिथवर त्यांचा असा समज होता की या मुलीने एवढं शिक्षण घेतलंय, तर हिच्याकडे शेवटी काहीतरी असेलच. माझ्याकडे काही नव्हतं. थांबलं तरी मरणार होते, केलं तरी मरणार होते.

शेवटी ठरलं ते असं: त्यातल्या त्यात सौम्य उपाय करायचा, गोड्या पाण्याचा. त्यासाठी एक खास जहाज येतं. ते मासे पाइपने आपल्या पोटातल्या टाक्यांत घेतं, काही तास गोड्या पाण्यात ठेवतं, उवा गळून पडतात, मासे परत पिंजऱ्यात. जहाज दुसऱ्या फार्मवर गुंतलं होतं. आम्ही वाट बघितली. आलं तेव्हा वारा सुटला, तर पुन्हा वाट बघितली. दरम्यान माशांच्या डोक्यावरची कातडी पांढुरकी दिसू लागली होती.

अखेर एका स्वच्छ सकाळी काम सुरू झालं. सगळ्यांत कमी आजारी पिंजरा आधी घ्यायचा हे माझं मत सगळ्यांनी मानलं. जाळं हळूहळू वर आलं. पाणी उकळल्यासारखं झालं. मासे पाइपमधून आत गेले, आणि तासांमागून तास आम्ही जहाजाच्या डेकवर गार वाऱ्यात उभे राहिलो. मॅनेजरच्या बायकोने पाठवलेले सँडविच मॅनेजरनी सगळ्यांना वाटले, स्वतः खाल्लं नाही.

मासे परत पिंजऱ्यात सोडायला सुरुवात झाली तेव्हा पहिले काही झटकन खाली गेले. कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. मग एक उलटा आला, पांढरं पोट वर. मग दोन. मग पाइपातून येणाऱ्या धारेत जिवंत किती आणि मेलेले किती हेच कळेना. पाण्यावर पांढरी पोटं पसरत गेली. मॅनेजरनी हात वर केला, थांबवा म्हणून, आणि तो हात तसाच वर राहिला. कारण थांबवून करणार काय? टाक्यांत आणखी मासे होते. ते बाहेर काढावेच लागणार होते. जहाजाच्या कप्तानाने वरून हाच प्रश्न हातानेच विचारला. मॅनेजरनी हळूहळू हात खाली घेतला, आणि पाइप चालू राहिला.

मी डेकवरच गुडघे टेकून एक मासा उघडला. हृदयाच्या भोवतीची पातळ पिशवी रक्ताने भरली होती. दुसरा उघडला. तेच. तिसरा उघडायला घेतला तेव्हा मॅनेजर जवळ आले आणि म्हणाले, "पुरे. आता कशाला?"

ते बरोबर होते. मी सुरी धुतली.

बाकीच्या पिंजऱ्यांना हात लावायचा नाही असं त्या दिवशी ठरलं. मग बॉस म्हणाली होती तसंच त्यांचं झालं. उवा वाढल्या, डोक्यांवर जखमा झाल्या, जखमांमधून दुसरे आजार शिरले. काही आठवड्यांनी उरलेले मासे पूर्ण वाढ व्हायच्या आतच काढून घ्यायचा निर्णय झाला. चांगले होते ते फॅक्टरीला गेले. मेलेले मोठमोठ्या ड्रममध्ये भरून ट्रकने रवाना झाले. ट्रकचा रस्ता शाळेसमोरून जायचा. मॅनेजरच्या बायकोने मला नंतर सांगितलं की त्या आठवड्यात वासामुळे किचनच्या खिडक्या लावूनच स्वयंपाक करावा लागला, आणि तरीही मुलं जेवली नाहीत.

फॅक्टरीतूनही तक्रार आली. मांस मऊ आहे, बोट लावलं तर फाटतं, रंग उतरलाय. मी फोटो बघितले. विरलेल्या कापडासारखे ते तुकडे होते. जो स्नायू आतून झिजून परत भरायचा प्रयत्न करत होता, त्याला मध्येच कापलं होतं. दुसरं काय दिसणार?

दिवाळीला मी स्टॅनमोरला होते. ओळखीच्या एका मैत्रिणीने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ती जन्माने इथलीच. आई-वडील मुंबईहून फार वर्षांपूर्वी आलेले. अकाउंटंट आहे, आणि हट्टाने मराठी बोलते. मी मदतीला किचनमध्ये गेले तर ती सुपरमार्केटमधून आणलेल्या सॅमनचे तुकडे मॅरिनेट करत होती. बाहेर पुण्या-मुंबईची मंडळी 'रावस आहे का आज?' म्हणून चौकशी करत होती. सॅमनला रावस म्हणतात सगळे. मी दुरुस्त करायचं केव्हाच सोडून दिलंय.

"अगं, बरं झाला तू आलीस," ती म्हणाली. "हा बघ ना. हे मासा इथे काळी का झाली आहे? सेफ आहे ना?"

गुलाबी तुकड्याच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढा काळा डाग होता.

"सेफ आहे," मी म्हटलं. "खाणाऱ्याला काही होत नाही. तिथे आधी कधीतरी स्नायूला इजा झाली असेल, रक्त साकळलं असेल. ते भरताना असा रंग साठतो. व्रणच म्हण ना."

"म्हणजे त्याला दुखला असेल?"

"असेल."

तिने क्षणभर त्या तुकड्याकडे पाहिलं. मग सुरीने तो डाग नीट गोल कापून काढला, बिनमध्ये टाकला आणि त्या जागेवर हळद-तिखट चोळलं. "आता कोणाला दिसणार नाही," ती म्हणाली. जेवताना सगळ्यांनी तारीफ केली. मीही खाल्ला. चव चांगली होती.

घरी परत जाताना नवरा म्हणाला, "तू आता इकडे ये. पुरे झालं हे." मी त्याला नाही म्हटलं नाही. केंब्रिजच्या एका लॅबमध्ये माशांच्या स्नायूंवर संशोधनाची जागा होती, तिथे अर्ज केला. मुलाखतीला गेले. काचेच्या टाक्यांत बोटभर लांबीचे मासे, आणि त्यांची पिल्लं इतकी पारदर्शक की प्रत्येकाचं हृदय मायक्रोस्कोपखाली जिवंत धडधडताना दिसत होतं. मुलाखत घेणारे भले लोक होते. मला म्हणाले, तुमचा अनुभव इंटरेस्टिंग आहे. मग एक सभ्य नकार आला. त्यांना व्हिसा स्पॉन्सर करणं जमणार नव्हतं. माझा व्हिसा सॅमनवाल्या कंपनीशी बांधलेला, मी त्या कंपनीशी.

फार्म काही काळ रिकामं ठेवलं गेलं. मग नवी पिल्लं आणायचं ठरलं. आणण्याआधी मी तपासणी केली, आणि त्यांच्यात तोच विषाणू सापडला. अजून आजार नव्हता, फक्त विषाणू. मी मॅनेजरना सांगितलं.

"मग आणायची कशाला?" त्यांनी विचारलं.

"कारण दुसरीकडचीही अशीच आहेत. हा विषाणू आता जवळजवळ सगळीकडे आहे. कधी आजार होतो, कधी होत नाही."

"कशावर अवलंबून?"

"नक्की कोणालाच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली आणि पिंजऱ्यांची जाळी दुरुस्त करून घ्यायला गेले. त्या मोसमात त्यांनी जे शक्य होतं ते सगळं केलं. पिंजऱ्यांत मासे कमी ठेवले. उवा खाणारे दुसरे छोटे मासे सोबत सोडले. स्वतः रोज पाण्यावर. आणि पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी फोन आला. या वेळी ते हवेबद्दल काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "ये."

तो सगळा प्रकार पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. हृदयं तशीच होती. त्या वेळी जहाजही मागवलं नाही.

कंपनीने ती साइट बंद केली. पिंजरे बोटीने ओढून दुसरीकडे नेले. माणसांना इकडे-तिकडे जागा दिल्या, मॅनेजरनाही दिली, पार उत्तरेकडच्या एका बेटावर. त्यांनी घेतली नाही. तरुण माणसं कुटुंब घेऊन गेली आणि वर्षभरात शाळेतली मुलं एका गाडीत बसतील इतकीच उरली. मग कौन्सिलने शाळेलाही कुलूप लावलं. तिथल्या लोकांनी अर्ज केले, मीटिंगा घेतल्या. काही झालं नाही. मला दुसऱ्या लॉखमधलं फार्म दिलं गेलं. तिथली मॅनेजर तरुण आहे, हुशार आहे, आणि मला अजून असं विचारते की जणू माझ्याकडे उत्तर असेल.

गेल्या वसंतात मी जुन्या मॅनेजरच्या घरी गेले. ते आता व्हॅन चालवतात, गावोगाव पार्सलं पोचवतात. वजन उतरलं होतं. बायकोने चहा ठेवला. आमचं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "त्या वर्षी आपण सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ट्रीटमेंट केली असती तर? किंवा केलीच नसती तर?"

मी हा प्रश्न अनेकदा सोडवायला घेतला होता. त्या वर्षीच्या सगळ्या स्लाइड्स पुन्हा काढून पाहिल्या होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी खूप शोधलं. लवकर केली असती तरी मेले असते असं वाटतं. कदाचित काही कमी."

"कदाचित."

"हो."

त्यांची बायको केक कापत होती. ती म्हणाली, "तुम्ही दोघं ते आता सोडा पाहू." आम्ही सोडलं. ती शाळेच्या इमारतीबद्दल बोलत राहिली. कोणीतरी ती सुट्टीसाठी घर म्हणून विकत घेणार असं कानावर आलं होतं.

निघताना ते गाडीपर्यंत आले. पाऊस भुरभुरत होता. मला काहीतरी बरं बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, "व्हॅक्सिनवर काम चालू आहे. निघेल कधीतरी."

ते माझ्याकडे बघून किंचित हसले. "तू असं बोलू नकोस," ते म्हणाले. "तुला खोटं नीट बोलता येत नाही."

त्यांनी गाडीचं दार लावलं, टपावर एकदा हात मारला, आणि भिजू नये म्हणून लगेच आत गेले.